इन्सब्रुक की बोल्झानो?

भाचीला आल्प्समधला टिरोल प्रांत बघायचाय, पण हातात दिवस एकच. एकेकाळी हा प्रांत एकच होता. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण भाग इटलीकडे गेला. त्यामुळे इन्सब्रुक ऑस्ट्रियात राहिलं आणि बोल्झानो इटलीत.

इतिहासाचं म्हणशील तर इन्सब्रुक राजघराण्याचं. सम्राट माक्सिमिलियनच्या सज्जावरचं 2,657 सोनेरी पत्र्यांचं छप्पर रस्त्यातूनच दिसतं, फुकट. होफकिर्श या दरबारी चर्चमध्ये त्याच्या समाधीभोवती 28 काळसर ब्राँझचे पुतळे उभे आहेत. समाधी मात्र रिकामी. त्याला पुरलं व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटला.

बोल्झानो सामान्य माणसाचं दुःख सांगतं. मुसोलिनीच्या काळात इथे शाळांतून लोकांची मातृभाषा जर्मन हद्दपार झाली, तेव्हा लोकांनी तळघरांत, माळ्यांवर चोरून वर्ग भरवले. 1939 मध्ये तर घर सोडा नाहीतर भाषा सोडा, असा पेच पडला. आज पाट्यांवर इटालियन आणि जर्मन शेजारी शेजारी दिसतात. आपली भाषा जपणाऱ्याला ते बघून भरून येतं. शिवाय 5,000 हून अधिक वर्षांपूर्वीचा, बर्फात टिकून राहिलेला माणूस ओट्झी इथल्या संग्रहालयातच आहे, छोट्या खिडकीतून बघायचा.

पायपीट दोन्हीकडे बेताचीच. व्हिसाही एकच चालतो.

राजवैभव, दरबारी कला आवडत असेल तर इन्सब्रुक. भाषा आणि सरहद्द माणसांचं काय करतात हे समजून घ्यायचं असेल, तर बोल्झानोच.