लाल पोराची कॅसेट: ब्लॅक सबाथचा 'बॉर्न अगेन', उद्यमनगरातून

परवा गाणं तुटलं नाही म्हणून मी दचकलो.

मुलगा पुण्याहून येताना ब्लॅक सबाथ या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडच्या 'बॉर्न अगेन' या अल्बमची २०११ची दोन सीडींची आवृत्ती घेऊन आला. कुणाकडून तरी जुनीच मिळवलेली. जेवणं झाल्यावर लावली. 'झिरो द हीरो' सुरू झालं. मधल्या गिटारच्या तुकड्यात एका ठिकाणी 'टक' होऊन गाणं पुढं उडी मारतं, असं मी जवळपास चाळीस वर्षं ऐकत आलोय. या वेळी काहीच झालं नाही, गाणं आपलं सरळ पुढं गेलं. अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं वाटलं.

ती 'टक' आमच्या नानांची.

१९८६ साली मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानसं शेड होतं. दोन पॉवर प्रेस, एक लेथ, एक ड्रिल मशीन. वॉशर आणि पत्र्याचे बारके पार्ट काढायचे आणि ऑइल इंजिनवाल्यांना पुरवायचे. मावसभाऊ बोटीवर होता, त्यानं कुठल्याशा बंदरातून ही कॅसेट आणली. घरात लावायची सोय नव्हती (कारण पुढं सांगतो), म्हणून टेपरेकॉर्डरसकट ती शेडमध्ये आली. तिथं हवेतच तेल आणि लोखंडाचा कीस. पंधरा दिवसांत टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली.

नाना आमचे फिटर. उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून गेलेली. आमच्याकडं यायच्या आधी, दुसरीकडं प्रेसवर असताना. त्यांनी माझ्या हातातून कॅसेट घेतली, सरफेस प्लेटवरचा (मापं घ्यायची अगदी सपाट प्लेट) चहाचा ग्लास उचलला, चिंधीनं प्लेट पुसली. चुरगाळलेली टेप प्लेटवर अंथरून नखानं सपाट केली. मग ब्लेडनं दोन्ही बाजूंनी तिरका काप दिला आणि मागून सेलोटेपची चिंचोळी पट्टी लावली. "सरळ कापली की थडकतीया, तिरकी कापली की सरकतीया," म्हणाले. पेन्सिल घालून टेप गुंडाळून दिली.

"किती गेली, नाना?"

"बोटभर," म्हणाले, आणि आपलंच ते अर्धं बोट दाखवून हसले.

कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. म्हणजे बोटभर टेप दीडएक सेकंदाची. तेवढं गाणं तेव्हापासून माझ्या आयुष्यात नव्हतंच, ते परवा आलं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण या अल्बमबद्दल जगभरचे चाहते जे बोलतात ते बहुतेक घरात, चांगल्या स्पीकरसमोर बसून बोलतात. मी तो ६० टनी प्रेसच्या शेजारी ऐकला. माझं मत तिथलं आहे.

बोटाचा विषय निघालाच आहे तर सबाथच्या गिटारवाल्याचं सांगतो. टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा. आपल्याकडं जसं उद्यमनगर, तसं ते अख्खं शहरच कारखान्यांचं. १७ वर्षांचा असताना हा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला प्रेसवर बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, घासून मापात आणली, वर चामडं चिकटवलं. बारीक तारा लावल्या, पुढं त्या ढिल्या सुरात लावायला लागला. आज ज्याला हेवी मेटल म्हणतात तो जडशीळ आवाज या जुगाडातून आलाय, असं बरेच जण मानतात.

मी हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी गाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. "प्रेसला गार्ड नव्हता काय?" एवढंच विचारलं. त्यानंतर मात्र ती कॅसेट लावायला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

आता अल्बम. 'बॉर्न अगेन' १९८३च्या ऑगस्टमध्ये आला. मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्नला १९७९ मध्ये काढलेलं, त्याच्या जागी आलेला रॉनी जेम्स डिओही १९८२ मध्ये गेलेला. तेव्हा घेतलं कुणाला, तर डीप पर्पल या दुसऱ्या बँडच्या जुन्या गायकाला, इयन गिलनला. एका पबमध्ये बसले, रिचवली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की आपलं एकत्र बँड करायचं ठरलंय. जुना ड्रमर बिल वॉर्ड परत आला, बास गिटारवर गीझर बटलर होताच. ऑक्सफर्डशरमधल्या मॅनर स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. बाकीचे घरात झोपायचे, गिलन बाहेर अंगणात तंबू ठोकून राहायचा. ब्रिटनमध्ये अल्बम चौथ्या नंबरपर्यंत गेला. अमेरिकेत ३९वर अडकला. वर्षभरात गिलन परत डीप पर्पलकडं गेला आणि हा अल्बम पोरका झाला.

चाहत्यांत याच्यावरून जी भांडणं आहेत, ती मला शाहू स्टेडियमवरच्या पाटाकडील-दिलबहार फुटबॉल मॅचसारखी वाटतात. गोल कसा झाला हे कुणी बघत नाही, कुठल्या तालमीचा होता ते बघतात. आमचे तिघांचे कट्टे रंकाळ्यावर व्हायचे. त्यातला एक ऑझीवाला, एक डिओवाला. ऑझीवाल्याच्या मते १९७८ नंतर ब्लॅक सबाथ हे फक्त दुकानावरच्या पाटीवरचं नाव उरलं. डिओवाला म्हणायचा, गिलनचा आवाज भारी, पण तो या गाण्यांत पाहुण्यासारखा वावरतो, शब्दांत थट्टा करतो. सबाथच्या गाण्यात थट्टा म्हणजे सुतकात शिट्टी. परदेशातही काही जण याला 'डीप सबाथ' म्हणून चिडवायचे. २०२५च्या जुलैत ऑझी गेला त्या रात्री ऑझीवाल्याचा फोन आला, बराच वेळ बोलला नुसताच, मध्येच घसा दाटून. शेवटी म्हणाला, "तुझं ते लाल पोर मात्र आज लावू नकोस हां." म्हणजे हाच अल्बम, कव्हरवर लाल पोर आहे म्हणून. लावलं नाही.

डिओवाल्याचं म्हणणं मला निम्मं पटतं. 'ट्रॅश्ड' हे पहिलंच गाणं थट्टेचं आहे. गिलननं दारूच्या तारेत बिल वॉर्डची गाडी मॅनरच्या आवारातल्या गो-कार्टच्या ट्रॅकवर फिरवली आणि उलटवली, त्याची ही कबुली. ऐकायला मजा येते, पण दहा वेळा ऐकल्यावर गाडी आपलीच आपटल्यासारखी वाटते. पुढं निघावं.

'डिस्टर्बिंग द प्रीस्ट' मात्र थट्टा नव्हे. नाव पडलं ते बँडच्या सरावाच्या आवाजाची शेजारच्या चर्चमधून तक्रार आली म्हणून. गणपतीत डॉल्बीवरून आपल्याकडं जे होतं तेच. या गाण्यात एक लोखंडी टणत्कार आहे, वाजतो आणि वाजता वाजता आवाज खाली वाकतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा नाना मशीन बंद करून आले. "ऐरण हाय ही. पाण्यात घातलीया." मी म्हटलं, नाना, काहीतरीच. पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं: बिल वॉर्डनं खरोखर दोराला ऐरण टांगली होती, ती वाजवायची आणि पाण्याच्या पिंपात हळूहळू सोडायची. त्या एका 'टण्'साठी अख्खा दिवस घालवला. नाना तोवर गेले होते. त्यांना सांगायचं राहून गेलं.

आणि गिलन त्या गाण्यात जे किंचाळतो! हसणं कुठं संपतं आणि किंकाळी कुठं सुरू होते ते सापडत नाही. पाहुणा बिहुणा काही नाही, घरात शिरून त्यानं भांडी फोडलीत.

'झिरो द हीरो' साडेसात मिनिटांचं. प्रेस चालवलेला माणूस याची चाल लगेच ओळखेल. फ्लायव्हील फिरतच असतं, क्लच लागतो, रॅम खाली येतो, पंच पत्र्यातून जातो, परत वर. घाई नाही, दया नाही. एकच रिफ, म्हणजे गिटारचा ठरलेला तुकडा, पुन्हा पुन्हा, आणि वर गिलन भरभर बडबडतो, जसा सुपरवायझर स्ट्रोक मोजत बोलत असतो. आम्ही १९८६ च्या दिवाळीआधी रात्रपाळी केली तेव्हा हे गाणं आणि दोन नंबरचा प्रेस कधी कधी अगदी एका ठोक्यावर यायचे. तेवढे चार-पाच स्ट्रोक मी कामगार आहे का मालकाचा पोरगा, हे विसरायचो. नव्वदीत कॅनिबल कॉर्प्स या कर्कश बँडनं हेच गाणं उचलून वाजवलं, तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांचे पुतणे ते ऐकायला लागले.

'डिजिटल बिच' आणि 'हॉट लाइन' नाही ऐकलीत तरी चालेल. दुसऱ्या बाजूला 'बॉर्न अगेन' हे नावाचं गाणं आहे, ते ऐका. संथ, गिटार लांबून येणारी. शेड बंद करायच्या आधी मेन स्विच पाडल्यावर फ्लायव्हील आपोआप मंदावत जातं, तो आवाज आणि हे गाणं एकत्र ऐकण्यासारखं सुख मला त्या वयात दुसरं ठाऊक नव्हतं.

आवाजाबद्दल तक्रार सगळ्यांचीच आहे आणि ती खरी आहे. मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचा जुळवलेला आवाज, गढूळ आहे. बास एवढा की बाकी सगळं पंचगंगेच्या पुराच्या पाण्याखाली असल्यासारखं. कुणी म्हणतं बटलरनं आपला बास वाढवून घेतला, कुणी म्हणतं मिक्सिंगच्या वेळी स्टुडिओतले स्पीकरच फुटलेले होते आणि कुणाला कळलं नाही. काहीही असो, मायक्रोमीटर खराब असला की अख्खा लॉट रिजेक्ट होतो, तसं झालंय. या २०११च्या आवृत्तीत आवाज थोडा पुसून घेतलाय, पण मिक्स तेच. काच पुसली, पाणी गढूळच. मुलानं कानातल्या बारक्या इअरबडवर ऐकून पाच मिनिटांत काढून ठेवलं. त्यात त्याची चूक नाही. मोठ्या स्पीकरवर, थोडं लांब उभं राहून ऐका. शेजारी एखादं मशीन चालू असेल तर उत्तमच, गढूळपणा जाणवत नाही.

घरी कॅसेट का लावता येत नव्हती ते आता. कव्हरवर टकटकीत लालभडक तान्हं मूल आहे. शिंगं, सुळे, नखं. मागं जांभळा रंग. जगातल्या कुरूप कव्हरांच्या यादीत हे हमखास असतं, खुद्द गिलनलाही ते आवडलं नव्हतं. आईनं बघितलं आणि घरात ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. आजीनं चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "आगं, बाळ हाय ते. किती रडतंय. कुणाची तरी नजर लागलीया." आणि मीठ-मोहऱ्या घेऊन खरोखर त्या कॅसेटवरून उतरवल्या, तीनदा. कव्हरवर इतकं लिहिलं गेलं असेल, पण त्या पोराची कीव दुसऱ्या कुणाला आल्याचं माझ्या वाचनात नाही.

'स्टोनहेंज' हा दोन मिनिटांचा नुसता घुमणारा तुकडा आहे, त्यापेक्षा त्याची गोष्ट भारी. दौऱ्यासाठी रंगमंचावर स्टोनहेंजचे, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या प्राचीन उभ्या शिळांसारखे, दगड उभे करायचे ठरले. सांगतात ते असं की मापं फुटांत द्यायची ती मीटरमध्ये गेली. दगड एवढे झाले की बहुतेक थिएटरांत मावेनात. पुढच्याच वर्षी आलेल्या एका विनोदी इंग्रजी सिनेमात याच्या उलट, फुटांऐवजी इंच होऊन चिमुकले दगड येतात. कुणी कुणाचं उचललं त्या वादात मी पडत नाही. पण ड्रॉइंगवर युनिट न लिहिणाऱ्या प्रत्येक ट्रेनीला मी ही गोष्ट सांगतो. २५ मिलिमीटरच्या जागी २५ इंच कापून बसलेला पोरगा आमच्याकडंही होऊन गेलाय.

दुसरी सीडी चाहत्यांसाठी. त्यात २७ ऑगस्ट १९८३ चा रेडिंग महोत्सवातला कार्यक्रम आहे. वॉर्ड तोवर बाहेर पडलेला, ड्रमवर इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या बँडचा बेव्ह बेव्हन. आवाज मूळ अल्बमपेक्षा मोकळा आहे, 'झिरो द हीरो' इथं जास्त स्वच्छ कापतं. शेवटाकडं सबाथ चक्क 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवतात, डीप पर्पलचं. जुने चाहते यावर अजून दात-ओठ खातात. मला तर हसू आलं. दुसऱ्या तालमीचा डाव आपल्या आखाड्यात मारला, पडला तर मारणाऱ्याचा. आधी न आलेलं 'द फॉलन' नावाचं गाणंही इथं आहे. ठीक. मूळ अल्बममधली दोन काढून हे घातलं असतं तरी चाललं असतं.

घ्यावा का? हेवी मेटल कधीच ऐकलं नसेल तर यानं सुरुवात करू नका, सबाथचे १९७० चे दोन अल्बम आधी ऐका. ऐकून झाले असतील आणि तुमच्या ग्रुपमधला कुणीतरी शहाणा याला टाकाऊ म्हणत असेल तर पहिली बाजू पूर्ण लावा, मोठ्यानं, आणि त्याला मध्ये बोलू देऊ नका.

सीडी मी मुलालाच परत दिली. स्वच्छ वाजते, पण 'झिरो द हीरो'मध्ये त्या जागी माझा पाय अजून अडखळतो. कॅसेट शेडमध्ये लेथच्या खणात, डायल गेजच्या डबीशेजारी आहे. कुणाला ऐकायची असेल तर या. सोमवारी बंद असतं.