सोलापुरातील राज्यव्यवस्थेचा रविवार वर्ग: चादरीच्या बिलापासून सर्किट बेंचपर्यंत

सात रस्ता परिसरातील एका अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी भरणारा राज्यव्यवस्थेचा बारा आठवड्यांचा वर्ग माझ्या भाचीने नुकताच पूर्ण केला. ती राज्यसेवेची तयारी करते आणि मी एका टॉवेल कारखान्याचे हिशेब पाहतो. पहिल्या दिवशी तिला सोडायला गेलो असताना मागच्या बाकावर बसलो आणि सरांच्या परवानगीने शेवटच्या रविवारपर्यंत तेथेच बसत राहिलो. पुढे एका चुकीविषयीही लिहायचे असल्याने अभ्यासिकेचे नाव घेत नाही.

संसद, कार्यपालिका आणि न्यायपालिका या तीन शाखा म्हणजे तीन बंद खोल्या नव्हेत, त्यांच्यामधली दारे कोठे उघडतात आणि कोठे बंद होतात हे कळले तरच संघराज्य कळते, असे माझे जुने मत आहे. वर्गाचे मोलही मी त्याच कसोटीवर ठरवतो.

तिसऱ्या रविवारी सरांनी टेबलावर एका जेकार्ड चादरीचे बिल ठेवले. चादरीची किंमत ६०० रुपये, खाली सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा वस्तू व सेवा कर, अडीच टक्के म्हणजे १५ रुपये आणि एसजीएसटी, म्हणजे राज्याचा तोच कर, अडीच टक्के म्हणजे आणखी १५ रुपये. अशी बिले मी रोज हाताळतो, पण या दोन ओळी वेगळ्या का लिहाव्या लागतात याचा विचार मी कधी केला नव्हता. एकाच चादरीवर संसदेचा कायदाही लागू होतो आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाचाही, कारण २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने दोघांनाही तो अधिकार दिला आहे. दरांची शिफारस करणाऱ्या, केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला हवे तीन चतुर्थांश. म्हणजे केंद्राला राज्यांवाचून पुढे जाता येत नाही आणि सगळी राज्ये एकवटली तरी केंद्रावाचून त्यांचेही अडते. हा हिशेब सरांनी मुलांकडून फळ्यावर करून घेतला. त्यानंतरच, परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२२ चा निर्णय त्यांनी सांगितला. त्या एका कागदावर तिन्ही शाखा आल्या, तेही केंद्र आणि राज्य या दोन्ही पातळ्यांसह. इतके नेमके शिकवणे मी क्वचितच पाहिले आहे.

तितकाच चांगला तास कोल्हापूरच्या सर्किट बेंचवरचा, म्हणजे उच्च न्यायालयाच्या मुख्य ठिकाणाबाहेर बसणाऱ्या न्यायपीठावरचा झाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे हे बेंच सुरू झाले आणि सोलापूरसह सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचा मुंबईचा रस्ता कोल्हापूरकडे वळला. हे बेंच नेमले कोणी, असे सरांनी विचारले तेव्हा बहुतेकांनी ‘सरकारने’ असे उत्तर दिले. प्रत्यक्षात संसदेने केलेल्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातील कलम ५१ नुसार, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने असे ठिकाण ठरवतात. कायदा संसदेचा, निर्णय न्यायपालिकेचा, संमती राज्याच्या कार्यपालिकेच्या प्रमुखाची. त्यावर भाचीने मागे वळून मला हळूच विचारले, “मामा, मग राज्यपाल राज्याचे की केंद्राचे?” मी तो प्रश्न सरांपुढे मांडायला लावला. नेमणूक राष्ट्रपती करतात, कारभार सामान्यतः राज्याच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो आणि राज्यपाल हे केंद्र सरकारचे नोकर नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच स्पष्ट केले आहे, हे उत्तर त्यांनी न अडखळता दिले.

मंत्रिपरिषदेच्या सामूहिक जबाबदारीचा, म्हणजे सगळे मंत्री मिळून लोकसभेला उत्तरदायी असण्याचा, तास ठीक होता. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने कोसळले, हे उदाहरण मुलांच्या मनात पक्के बसले. राज्यसभेला मात्र जेमतेम अर्धा तास मिळाला. राज्यांचे सभागृह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, महाराष्ट्राचे १९ सदस्य असलेल्या सभागृहावर संघराज्याच्या वर्गात इतका कमी वेळ द्यावा, हे मला पटले नाही.

आता ती चूक. छापील टिपणांच्या पहिल्याच पानावर दोन उभ्या रांगांची आकृती आहे. डावीकडे केंद्र, म्हणजे संसद, केंद्रीय मंत्रिपरिषद आणि सर्वोच्च न्यायालय. उजवीकडे राज्य, म्हणजे विधिमंडळ, राज्याची मंत्रिपरिषद आणि उच्च न्यायालय. दोन्ही रांगा एकमेकींपासून पूर्ण तोडलेल्या. हे चित्र अमेरिकेचे आहे. तेथे घटक राज्यांची स्वतःची न्यायालये आहेत, त्यांची सर्वोच्च न्यायालयेही आहेत, आणि अध्यक्ष किंवा त्यांचे मंत्री काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सदस्य असू शकत नाहीत. आपल्याकडे विधिमंडळे आणि मंत्रिमंडळे दोन पातळ्यांवर आहेत, पण न्यायपालिका एकच साखळी आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती करतात, तेच न्यायालय केंद्राच्या आणि राज्याच्या अशा दोन्ही कायद्यांखालचे दावे ऐकते आणि तेथून अपील सर्वोच्च न्यायालयात जाते. शिवाय आपल्याकडे मंत्री झालेल्या व्यक्तीने सहा महिन्यांच्या आत कोणत्याही एका सभागृहाचे सदस्य व्हावेच लागते, म्हणजे संसद आणि मंत्रिपरिषद यांच्यातही ती रेघ टिकत नाही. जे सर चादरीच्या बिलावरून ही गुंतागुंत इतकी सुंदर उलगडतात, त्यांच्याच टिपणांत ही आकृती असावी याचे मला मनापासून वाईट वाटले.

आठव्या रविवारी तास संपल्यावर मी हे त्यांच्या कानावर घातले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या तासाला फळ्यावर नवी आकृती काढली. तीत सर्वोच्च न्यायालयापासून उच्च न्यायालय आणि खाली जिल्हा न्यायालयापर्यंत एकच अखंड रेषा होती. मुलांच्या हातातली छापील पाने मात्र अद्याप जुनीच आहेत.

परीक्षेसाठी फक्त कलमांची यादी पाठ करायची असेल, तर बारा रविवार येथे घालवण्याची गरज नाही. कारभार कसा चालतो हे समजून घ्यायचे असेल, तर अवश्य जा. तिसरा रविवार चुकवू नका, आणि नवी तुकडी सुरू होताना टिपणे हातात पडली की पहिले पान आधी पाहून घ्या. आकृती तीच असेल, तर उजव्या रांगेतले उच्च न्यायालय पेनाने डावीकडच्या सर्वोच्च न्यायालयाला जोडा.