ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: आफ्रिकेच्या प्रवासासाठी मलेरियाची ही गोळी कशी आहे?

नायजेरिया, टांझानिया, युगांडा अशा ठिकाणी दोन-तीन आठवड्यांसाठी जायचं असेल, तर मलेरिया टाळणाऱ्या गोळ्यांत आमची पहिली पसंती हिलाच. 'मलॅरोन' या नावाने मिळते, जेनेरिकही आहेत. मोठ्यांच्या गोळीत 250 मिलिग्रॅम ॲटोव्हाक्वोन आणि 100 मिलिग्रॅम प्रोग्वानिल हायड्रोक्लोराइड असतं. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, रोज एक ठरलेल्या वेळी घ्यायची आणि मलेरियाचा भाग सोडल्यावर फक्त 7 दिवस चालू ठेवायची. डॉक्सिसायक्लिन हे मलेरिया टाळणारं दुसरं औषध मात्र परतल्यावर 4 आठवडे घ्यावं लागतं. हा फरक यासाठी की ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल फाल्सिपेरमला (मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीला) यकृतातच गाठते. महाग आहे, त्यामुळे सहा महिन्यांच्या नोकरीला परवडेलच असं नाही.

हिची सगळी ताकद एका प्रथिनावर उभी आहे. या परजीवीच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीचं ऊर्जाकेंद्र) एकच. तिच्या स्वतःच्या डीएनएची लांबी जेमतेम 6 हजार बेस-जोड्या, आणि त्यातून बनणारी प्रथिनं तीनच. त्यातलं सायटोक्रोम बी हे मायटोकॉन्ड्रियातल्या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या साखळीचा भाग; त्यातच ॲटोव्हाक्वोन जाऊन बसतं आणि साखळी अडते. आता रक्तातला परजीवी ऊर्जा मुख्यतः ग्लुकोज फोडून मिळवतो, मग मायटोकॉन्ड्रिया अडली तर तो का मरतो? कारण डीएनएसाठी लागणारी पिरिमिडीन (डीएनएचे घटक) तो बाहेरून घेऊ शकत नाही, स्वतःच बनवतो. ती बनवणाऱ्या डीएचओडीएच या विकराला युबिक्विनोन (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) सतत ताजं करून लागतं, आणि ते काम या साखळीचं. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी 2007 मध्ये परजीवीत यीस्टचं डीएचओडीएच घातलं. त्याला युबिक्विनोनची गरज नसल्यामुळे परजीवी ॲटोव्हाक्वोनला पुरून उरला. सोबत प्रोग्वानिल देताच मात्र मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरचा विद्युतभार कोसळला. प्रोग्वानिल इथे शोभेला नाही, ते यासाठी!

दुबळी बाजूही तिथेच. सायटोक्रोम बीमधलं 268 व्या जागेचं एक अमिनो आम्ल बदललं की औषध निकामी. थायलंडमध्ये ॲटोव्हाक्वोन एकटं दिलं, तेव्हा सुमारे एकतृतीयांश रुग्णांत ताप उलटला. त्यात ॲटोव्हाक्वोन शरीरात प्रोग्वानिलपेक्षा बराच जास्त काळ रेंगाळतं, म्हणजे उपचार संपल्यावर ते एकटंच उरतं. दिलासा एवढाच की प्रयोगशाळेत असे बदललेले परजीवी डासामार्फत पुढे जाऊ शकले नाहीत.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पोटाच्या बाबतीत. उपाशीपोटी घेतलेलं ॲटोव्हाक्वोन फारच कमी शोषलं जातं. काळा चहा-बिस्किटांवर भागवू नये. तूप लावलेली पोळी, अंडं किंवा मलईचं दूध हवं. तासाभरात उलटी झाली तर पुन्हा तेवढीच मात्रा. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड सोबत घेतलं तर औषधाची रक्तातली पातळी घसरते, क्षयावरच्या रिफाम्पिसिनने ती निम्मी होते. क्षयाचे उपचार चालू असतील तर दुसरी गोळी निवडावी. मूत्रपिंडाचं काम फार मंदावलेल्यांना आणि गरोदरपणात डॉक्टर सहसा पर्याय सुचवतात.

साध्या फाल्सिपेरम मलेरियाच्या उपचारासाठी रोज 4 गोळ्या एकदम, 3 दिवस. बेशुद्धी किंवा झटके असतील तर ही गोळी नाही, थेट रुग्णालय. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाचे यकृतात झोपलेले परजीवी हिला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन हे औषध लागतं, आणि त्याआधी जी6पीडी या रक्तपेशींतल्या विकराची तपासणी.