क्रिस्टलडिस्कइन्फो: आठेक महिने वापरल्यावर

घरच्या डेस्कटॉपला दोन डिस्क आहेत. विंडोज २५६ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या डिस्कवर. फोटो, दादाच्या दुकानाचे हिशेब, स्कॅन केलेले सातबारे असला सगळा ऐवज १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर. राहतो अकोल्यात, त्यामुळे उन्हाळा आणि अधूनमधून जाणारी वीज, दोन्ही तिच्या वाट्याला येतात. तिच्यावर नजर ठेवायला म्हणून हे सॉफ्टवेअर घेतलं. जपानी प्रोग्रामरचं आहे, फुकट आहे आणि झिपवाली आवृत्ती घेतली तर इन्स्टॉलही करावं लागत नाही. 'शिझुकू' नावाची आवृत्ती घेतलीत तर खिडकीत एक कार्टून मुलगी येऊन बसते. नको असेल तर 'स्टँडर्ड' घ्या. आमच्या पुतणीला अर्थात मुलगीवालीच हवी होती.

डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. हे सॉफ्टवेअर ती फक्त वाचून दाखवतं. प्रत्येक नोंदीपुढे रंगीत गोल असतो: निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे आटोपलंच. खालची लांबलचक यादी बघून बिचकायचं कारण नाही, घरगुती वापराला चारच ओळी पुरतात: ०५ (खराब म्हणून बाद करून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (अडलेले, संशयित सेक्टर), सी६ (दुरुस्त न झालेले सेक्टर) आणि सी७ (केबलवरच्या चुका). आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) येतात, ते फंक्शन मेनूतून दशमान करून घ्या. सीगेट कंपनीच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींपुढे कोट्यवधींचे आकडे दिसतात. ती त्यांची लिहायची पद्धत आहे, डिस्क बिघडल्याची खूण नव्हे.

पहिला उपयोग झाला तो सी७चा. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाता-येता डेटा बिघडला की हा आकडा चढतो. आमचा चढतच होता. कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणे, डिस्क गेली, नवीन टाका. आधी या दोघांना जोडणारी साटा केबल बदलून पाहिली आणि आकडा जिथल्या तिथे थांबला. तो खाली मात्र कधीच येत नाही, त्यामुळे तारखेसह लिहून ठेवलेला बरा.

खरी कसोटी पावसाळ्यात लागली. दुपारी वीज गेली, यूपीएसने दम तोडला, आणि पुन्हा चालू केल्यावर गोल पिवळा! सी५ पुढे ८. म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघत असलेले सेक्टर. आठच का, तर आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२च्या आठ तुकड्यांत मोजला जातो. थोडक्यात, एकच जागा अडली होती.

अशा वेळी लोक लगेच चेकडिस्क 'आर' (विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा) लावून सोडतात. ते करू नका. ते सगळी डिस्क कोपरान्‌कोपरा वाचतं, १ टीबीला तासन्‌तास घेतं, आणि डिस्क खरंच जाणार असेल तर उरलासुरला जीवही त्यातच जातो. आधी डेटा बाहेर काढला, मग फॉरमॅट मारलं, तेही क्विकची खूण काढून. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं, त्यामुळे अडलेल्या जागेचा सोक्षमोक्ष लागतो. सी५ शून्यावर आलं आणि ०५ही शून्यच राहिलं. म्हणजे जागा खराब नव्हती, वीज गेल्याने लिहिणं अर्धवट राहिलं असणार. तरी हिशेब आता नव्या डिस्कवर आहेत, जुनीवर फक्त दुसरी प्रत.

डिफ्रॅगसाठी, म्हणजे विखुरलेल्या फायलींचे तुकडे एकत्र लावायला, वेगळं काही घेऊ नका. विंडोज आठवड्याला ते आपणहून करतं आणि एसएसडी असेल तर ट्रिम (कुठल्या जागा रिकाम्या झाल्या ते कळवणारी आज्ञा) पाठवतं. कुणी 'पीसी फास्ट करून देतो' म्हणत एसएसडीवर डिफ्रॅग चालवायला लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

निळ्या रंगावर विसंबून बॅकअप मात्र थांबवू नका. गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी त्या अभ्यासात महत्त्वाच्या ठरलेल्या चार 'स्मार्ट' खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. उलट, स्कॅनमध्ये पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणून पिवळं दिसलं की त्याच दिवशी कॉपी करायला बसायचं.

तक्रारी किरकोळ आहेत. तापमान घड्याळाशेजारी दिसावं म्हणून 'रेसिडेंट' आणि 'स्टार्टअप' या दोन्ही खुणा शोधून कराव्या लागतात. आणि आमच्याकडच्या जुन्या यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घातलेली डिस्क त्याला दिसतच नाही. ती तपासायची तर केसिंगमधून काढून थेट साटाला लावावी लागते.