पॅरलल इन्व्हर्टर: आठ महिने ड्रूप मोडवर

ग्रिडचं कनेक्शन नाही, त्यामुळे 5 केव्हीएचे तीन इन्व्हर्टर हाच आमचा सगळा मायक्रोग्रिड, म्हणजे स्वतःपुरती छोटी वीजव्यवस्था. सुरुवातीला मास्टर-स्लेव्ह मोड होता. एकाने हुकूम सोडायचा, दोघांनी ऐकायचं. तिसऱ्याच आठवड्यात कम्युनिकेशन केबलचा कनेक्टर सैल झाला आणि तिन्ही बंद. बॅटऱ्या भरलेल्या, इन्व्हर्टर ठणठणीत, आणि आम्ही अंधारात! त्याच रात्री ड्रूपवर आलो.

ड्रूपमध्ये कुणी कुणाला विचारत नाही. लोड वाढला की प्रत्येक जण आपली फ्रिक्वेन्सी जरा खाली आणतो. माझ्याकडे पूर्ण लोडला 50 वरून 49.75 हर्ट्झ. स्थिरावल्यावर फ्रिक्वेन्सी सगळीकडे एकच असते, म्हणून किलोवॅटची वाटणी चोख होते. वायरशिवाय इन्व्हर्टर असे जोडायची ही रीत चांदोरकर, दिवाण आणि अदपा यांनी 1993 मध्ये मांडली. एक गंमत मात्र झाली. सिंक्रोनस मोटरचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीवरच वेळ मोजणारा टायमर रोज तीन-चार मिनिटं मागे पडायला लागला. खराब समजून बदलला, तर नवाही मागे!

खरं डोकं खाल्लं ते रिॲक्टिव्ह पॉवरने, म्हणजे पंपासारख्या लोडपायी काम न करता नुसती ये-जा करणाऱ्या विजेने. तिची वाटणी व्होल्टेजवर होते, आणि व्होल्टेज जागोजागी वेगळं. दोघांची केबल 22 मीटर, एकाची 6. पंप सुरू झाला की पहिला दणका त्या जवळच्याला. तो ओव्हरलोडवर ट्रिप, मागोमाग बाकीचे दोघे. लोड काढून क्लॅम्प मीटर लावला तरी 4 अँपिअर! इन्व्हर्टर आपापसातच करंट फिरवत होते.

उपाय सेटिंगमध्येच निघाला: व्हर्च्युअल इम्पिडन्स. खरा चोक (करंट रोखणारी कॉइल) न बसवता, तो बसवलाय असं इन्व्हर्टर वागतो. तेव्हापासून पंपाने एकदाही ट्रिप केलं नाही. बदल्यात पूर्ण लोडला व्होल्टेज 230 वरून 222 वर येतं. ते आणि फ्रिक्वेन्सी परत जागेवर आणायला सेकंडरी कंट्रोल लावलाय. त्याला केबल लागते, पण ती मुद्दाम उपटून पाहिली: आकडे जरा घसरले, दिवे चालूच.

तक्रार एकच उरली. ड्रूपला बॅटरीचं वय कळत नाही. जुनी बॅटरी बँक आधी रिकामी व्हायची, म्हणून तिच्या इन्व्हर्टरचा उतार, म्हणजे लोडमागे फ्रिक्वेन्सी किती खाली येते ते, दीडपट तिरका केला. आता तो इतरांच्या दोन-तृतीयांशच लोड उचलतो. बँक पहाटेपर्यंत टिकते, पण भर लोडला बाकीच्या दोघांचे पंखे जोरात घोंगावतात.