टी-शर्टवर बंदी की उत्पन्नाची अट?

अमेरिकेत एके काळी कॉलेजच्या आवारात टेबलं मांडून क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून घेत, बदल्यात टी-शर्ट किंवा पिझ्झा. 2009च्या ‘कार्ड’ कायद्याने याला दोन बाजूंनी आवर घातला. ही कलमं फेब्रुवारी 2010पासून लागू आहेत.

पहिली बाजू जाहिरातीची. आवारात किंवा त्याच्या हद्दीपासून हजार फुटांच्या आत विद्यार्थ्याला वस्तूचं आमिष दाखवून अर्ज भरून घेता येत नाही. ऐकायला कडक, पण टेबल मांडायला कायद्याची मनाई नाही! अर्जाची अट न घालता सर्वांना टी-शर्ट वाटला तरी चालतो. हजार फुटांपलीकडे, कॉलेजने भरवलेला किंवा कॉलेजशी संबंधित कार्यक्रम सोडला, तर रान मोकळंच.

दुसरी बाजू थेट कार्डाची. एकविसाच्या आतल्या अर्जदाराने हप्ता फेडण्याइतकी स्वतःची कमाई दाखवायची, नाहीतर एकवीस पूर्ण झालेला जामीनदार आणायचा. कर्ज थकलं तर जामीनदारही अडकतो. जामीनदार आणून घेतलेल्या कार्डाची मर्यादा वाढवायची तर, अर्जदार एकवीसचा होईपर्यंत, जामीनदाराची लेखी संमती लागते. मला हीच अट जास्त दमदार वाटते, कारण विक्रेता कितीही गोड बोलला तरी कागद अडतो. मात्र आईवडील सधन असलेल्या मुलाला जामीनदार सहज मिळतो. गरिबाघरच्या हुशार मुलीला नाही.

आपल्याकडून एमएससाठी जाणारे बहुतेक जण एकविशी ओलांडलेले असतात. त्यांना दुसरी अट लागू होत नाही, पहिली मात्र होते.