जुन्या निगेटिव्हचं स्कॅनिंग, नौपाडा, ठाणे

कॉलेजच्या मित्रांसोबतच्या लक्षद्वीप सफरीचे रोल इथे दिले होते. काम झकास. कोचीहून निघालेलं जहाज रात्री चालायचं. दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. बेटांभोवतीचं लगून (प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी) उथळ, त्यामुळे जहाज बाहेरच थांबायचं आणि खलाशी दंडाला धरून आम्हाला हेलकावणाऱ्या छोट्या बोटीत उतरवायचे. त्या फोटोत आमच्यातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलाय, स्कॅनमध्ये तोही लख्ख दिसतो! मिनिकॉयच्या १८८५ च्या दीपगृहाच्या फोटोंवरची बुरशी मात्र पूर्ण गेली नाही. समुद्राचा निळा रंग उगाच भडक केला होता. सांगितल्यावर बदलून दिला, पण कुरकुरत. पैसे फ्रेममागे घेतात, तेव्हा आधी निवडून न्या. गाडी नेऊ नका, स्टेशनवरून चालत जा.